तंत्रस्नेही सुलभकांच्या यादीत नाव आलंय?

ग्रुपवर सुलभकांची, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांची, यादी पडते, त्यात आपलं नाव असतं आणि लगोलग जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणाला हजर राहण्याचा आदेश येतो. नाव का आलं, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कुणाचा प्रिंटर अडला, कुणाची यू-डायसची (शाळेच्या वार्षिक नोंदीची) माहिती सबमिट होईना, की लोक तुम्हाला फोन करतात. म्हणजे तुम्हाला संगणक आणि मोबाईल चांगला हाताळता येतो. दुसऱ्या शिक्षकाला तो वर्गात वापरायला शिकवता येतं का, हे मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही. मी डोंगराळ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं सुलभक म्हणूनही काम करते. नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी समोर बसणाऱ्या शिक्षकाच्या डोक्यात काय चाललंय ते बघा. तुम्ही ‘तंत्रज्ञान’ म्हणता, त्याला ऐकू येतं ‘माहिती भरा’. विद्यार्थ्यांच्या नोंदीचं सरल, पगाराचं शालार्थ, यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, कुठली तरी तातडीची लिंक ‘आज सायंकाळी पाचपर्यंत’. गेल्या दहा-बारा वर्षांत शाळेत तंत्रज्ञान आलं ते मुख्यतः या वाटेने. त्यात ज्या प्रशिक्षणाची सुरुवातच ‘सर्वांनी ही लिंक उघडून हजेरी भरा’ अशी होते, तिथे अर्धा हॉल पहिल्या पाच मिनिटांत हातचा जातो. नेट नसतं, लिंक फिरत राहते, मागच्या बाकावर गप्पा सुरू होतात. हजेरी सरळ कागदावर घ्या.

पहिला तास त्याचं काम हलकं करणाऱ्या गोष्टीला द्या. माझ्याकडे त्यासाठी मराठी व्हॉइस टायपिंग आहे. पन्नाशी उलटलेले गुरुजी मोबाईल समोर धरून ‘खालील उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहा’ असं म्हणतात आणि ते वाक्य पडद्यावर उमटतं, तेव्हा हॉलचा नूर पालटतो. विरामचिन्हं येत नाहीत, गावांची नावं हमखास चुकतात, ती हाताने नीट करायला त्याच वेळी शिकवायचं. मग दुसरा मुद्दा आपोआप निघतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेल्या प्रश्नपत्रिका मोबाईलवर उघडल्या की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखीच वाचता येणारी अक्षरांची पद्धत, समजावण्यासाठी यापेक्षा चांगली वेळ मिळत नाही, कारण प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये अशी एक तरी फाइल अडकलेली असतेच.

समोरचा माणूस कोरी पाटी आहे, असं समजू नका. शालेय दूरचित्रवाणी कार्यक्रम बनवणारी पुण्याची बालचित्रवाणी 1984 मध्ये सुरू झाली आणि 2017 मध्ये बंद पडली, तिचे कार्यक्रम शाळेत दाखवलेले शिक्षक आजही सेवेत आहेत. शाळेला मिळालेला टीव्ही लोखंडी कपाटात कसा गेला, हेही त्यांनी पाहिलंय. 22 जून 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय आला, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅबलेट आले, डिजिटल शाळांच्या उद्घाटनाच्या फिती कापल्या गेल्या. 2017 च्या शिक्षकदिनी अभ्यास साहित्याचं दीक्षा हे सरकारी व्यासपीठ आलं, पुस्तकांवर क्यूआर कोड आले. 2019 मध्ये निष्ठा हा शिक्षक प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम. मग कोरोना आणि ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. तास भरतात, प्रमाणपत्रंही मिळतात. व्हिडिओ एका टॅबमध्ये चालू ठेवून दुसरीकडे पेपर तपासणारे शिक्षक मी पाहिलेत आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. आमचं प्रशिक्षणही राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र असं उतरत येतं आणि शेवटच्या पायरीवर बऱ्याचदा फक्त पीपीटी पोचते.

म्हणून पीपीटी बाजूला ठेवा आणि विचारा, ‘येत्या आठवड्यात कुठला घटक शिकवायचाय आणि त्यात मुलं कुठे अडतात?’ साधन त्यानंतर. कधीकधी उत्तर असं येतं, की साधनाची गरजच नसते. मणी आणि काड्या पुरतात, मग तसं सांगून मोकळं व्हा. त्याने तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज 180 अंश असते. मुलं हे पाठ म्हणतात. कागदाचा त्रिकोण कापून कोपरे शेजारी शेजारी लावायची कृतीही सगळे करतात. पण तो एक त्रिकोण झाला. ‘कुठलाही त्रिकोण घ्या’ यातलं ‘कुठलाही’ मुलांपर्यंत पोचत नाही. इथे पडद्यावर भूमिती करून बघायचं जिओजेब्रा कामाला येतं. ॲप फुकट आहे, एकदा मोबाईलवर घेतलं की नेटशिवाय चालतं. त्रिकोण काढायचा, तिन्ही कोन मोजायचे आणि एक शिरोबिंदू बोटाने ओढायचा. कोन बदलत राहतात, बेरीज हलत नाही.

प्रात्यक्षिकात इथेच दोन अडचणी येतात आणि तुमची खरी गरज तिथे लागते. पहिली म्हणजे कोन मोजताना बिंदू उलट्या क्रमाने टिचकवले, की आतल्या कोनाऐवजी बाहेरचा मोठा कोन दिसतो. 60 च्या जागी 300. शिक्षक गडबडतो, ‘ॲप बिघडलं’ म्हणून फोन खाली ठेवतो. त्याला क्रम उलटा करून बघायला सांगा. दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. मापं पूर्णांकात दाखवायची ठेवली असतील तर शिरोबिंदू ओढता ओढता कुठेतरी 51, 61 आणि 69 असे आकडे येतात. बेरीज 181. वर्गातलं एखादं चौकस पोरगं हे नेमकं पकडतं. खरे कोन 50.6, 60.7 आणि 68.7 आहेत, बेरीज बरोबर 180 आहे, पण प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकात गेल्याने एक अंश जास्तीचा दिसतोय. सेटिंगमध्ये जाऊन एक दशांश स्थळ वाढवलं की उलगडा होतो. हे प्रशिक्षणात मुद्दाम घडवून आणा. 181 दिसल्यावर आधी शिक्षकांना आपसात भांडू द्या. वर्गात पहिल्यांदाच ही वेळ आली तर माणूस घाबरून ते ॲप पुन्हा उघडत नाही. हॉलमध्ये एकदा येऊन गेली, तर तो तिची वाट बघतो.

हे सगळं चालू असताना तुमचे हात कुठे आहेत? मला विचाराल तर सुलभकाने पाठीमागे बांधून ठेवावेत. कुणी मॅडम म्हणतात, ‘माझ्याच्याने होत नाही हो, तुम्हीच करून द्या ना.’ फोन हातात घेऊन चार टिचक्यांत करून देणं सोपं असतं, वेळही वाचतो, त्या आभारही मानतात. पण त्यांनी काहीच केलेलं नसतं आणि सोमवारी वर्गात तुम्ही नसता. ‘वरच्या कोपऱ्यात तीन रेघा दिसतायत का? त्यावर बोट ठेवा,’ असं तोंडाने सांगत राहा. कितीही वेळ लागो. माऊस आणि फोन ज्याचा त्याच्याच हातात, एवढा एक नियम पाळला तरी तुमचं प्रशिक्षण बऱ्याच जणांपेक्षा बरं होईल. शेजारी बसलेल्या तरुण शिक्षकांनाही हे आधीच बजावून ठेवा, कारण मदतीच्या नावाखाली फोन हिसकावून घेणारे तेच असतात.

आता जागेबद्दल. तुमचा हॉल तालुक्याच्या गट साधन केंद्रात, तिथे वायफाय, पडदे, पंखा. शिक्षकाची शाळा दोन खोल्यांची. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो आणि बिल थकलं की ती तोडलीही जाते. पांढऱ्या भिंतीवर दुपारी बाराला प्रोजेक्टर लावून बघा, काहीही दिसत नाही. खिडक्यांना काळा कार्डशीट लावला तर दिसतं, पण खोलीत गुदमरतं. म्हणून जे शिकवाल ते विमान मोड लावून एकदा चालवून दाखवा. जे तसं चालत नाही, ते आमच्या बाजूच्या शाळांत चालत नाही असंच धरून चाला. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत आणि फाइल उतरवून घेता येते. दीक्षावरचे व्हिडिओही शाळेत येण्याआधी घरी उतरवून ठेवता येतात. पेनड्राइव्हमध्ये साहित्य भरून नेलंत तर ती भेट फुलांच्या गुच्छापेक्षा जास्त आवडते.

द्विशिक्षकी शाळांसाठी मात्र मी सगळ्यात आधी सांगते ती गोष्ट ॲपशिवायची आहे. फोनमधला ध्वनिमुद्रक. दुसरी-तिसरीच्या मुलाला परिच्छेद वाचायला लावायचा, तो रेकॉर्ड करायचा आणि त्यालाच ऐकवायचा. मूल स्वतःचं अडखळणं ऐकतं आणि न सांगता पुन्हा वाचायला बसतं. जूनचं आणि डिसेंबरचं वाचन पाठोपाठ लावलं की पालकसभेत वेगळं भाषण लागत नाही. बाई एका इयत्तेला गणित सांगत असतात, तेवढ्यात दुसऱ्या इयत्तेतली मुलं व्हरांड्यात जोडीजोडीने रेकॉर्डिंग करतात. एक साधा फोन पुरतो. पायाभूत वाचन-गणिताच्या निपुण भारत अभियानाची वाचनाची नोंद ठेवायलाही हेच कामी येतं. मुलांचे आवाज आणि चेहरे स्टेटसला टाकायचे नाहीत, हेही त्याच दमात सांगा. ही सवय आपल्याकडे फार बळावली आहे.

प्रेरणा म्हणून रणजितसिंह डिसले यांची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत तेव्हा शिकवणारे हे शिक्षक, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना. टाळ्या पडतात आणि लोक ‘ते वेगळेच हो’ म्हणून सोडून देतात. मी पुरस्कार थोडक्यात उरकते आणि त्यांनी पुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडबद्दल बोलते. मुलाच्या दप्तरात पुस्तक आधीपासून होतंच. त्यांनी नवं काही आणायला न लावता त्या पानालाच आवाज आणि चित्र जोडलं. एवढं कुणालाही जमेल, आणि ते तिथेच करून बघता येतं: आपल्या आवाजातली कविता, तिचा कोड, कोड छापून वहीत चिकटवलेला.

हल्ली प्रश्न येतात ते एआयबद्दल. स्वाध्याय, सराव प्रश्न, पाठाचं टाचण पटकन तयार होतं, वापरायला हरकत नाही. पण मराठीत गणिताचे प्रश्न मागितले की मधूनच हिंदी वळणाच्या संज्ञा येतात आणि उत्तरसूचीत बिनदिक्कत चुकीची उत्तरंही असतात. मी शिक्षकांना तयार झालेली प्रश्नपत्रिका लाल पेनने तपासायला देते, मुलांची तपासतात तशी. चुका काढण्यात आपली मंडळी पटाईत, त्यामुळे हे सत्र कधीच कंटाळवाणं होत नाही.

आणि प्रशिक्षणानंतरचं? तिथेच खरी बोंब आहे. अहवाल गेला, फोटो गेले, विषय संपला. तुम्हाला वर्गभेटीचे अधिकार नसतील तर पुढची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद पकडा. केंद्रप्रमुखांना सांगून दहा मिनिटं मागून घ्या आणि एखाद्या शिक्षकालाच उभं करा. काय केलं, कुठे फसलं, एवढंच सांगायचं. सुलभकाने सांगितलेल्यापेक्षा शेजारच्या शाळेतल्या सरांनी सांगितलेलं लवकर पटतं. वर्गभेट मिळालीच, तर मागे बसा आणि पडद्याकडे न बघता मुलांकडे बघा. व्हिडिओ चालू असताना सर किती वेळा थांबवून प्रश्न विचारतात, ते मोजा. सलग चालणारा व्हिडिओ म्हणजे शिकवणं थांबलेलं असतं.

ज्यांना यातच पुढे जायचंय त्यांच्यासाठी थोडं. समग्र शिक्षाअंतर्गत गट साधन केंद्रात विषय साधनव्यक्ती असतात, ती पदं कंत्राटी आहेत, हे लक्षात घेऊन जा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, प्रशिक्षणाचं काम जवळून बघायला मिळतं. शिक्षणात काम करणाऱ्या प्रथमसारख्या स्वयंसेवी संस्थांमध्येही या अनुभवाला किंमत आहे. अभ्यासच करायचा तर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत याच विषयात पीएच.डी. करता येते. वाचायला सुरुवात पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांच्या 2006 मधल्या टीपॅक मांडणीपासून करा. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान एकमेकांत कसं मिसळतं, हे त्यात आहे. 181 अंशांचा प्रसंग एकदा हाताळून मग वाचलंत तर पहिल्या फटक्यात कळेल.

शेवटी कागदपत्रं, कारण ती कुणी सांगत नाही. सुलभक म्हणून जाताना आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे देऊन आवक नोंद करून घ्या आणि परतताना उपस्थिती प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय हॉल सोडू नका, नाहीतर तो दिवस किरकोळ रजेत जातो. मानधन आणि प्रवासभत्ता मिळायला वेळ लागतो. एसटीची तिकिटं एका पाकिटात जपून ठेवा, आणि उन्हात छपाई उडून जायच्या आत त्यांच्या झेरॉक्स काढा.