सरकारी, लष्करी, खासगी: पगाराचे तीन आकडे एका मापात कसे आणायचे

सरकारी जाहिरातीत ‘19,900–63,200’ असं छापलेलं असतं, कंपनीच्या ऑफर लेटरवर ‘सीटीसी सहा लाख’ (सीटीसी म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च) आणि अग्निपथच्या पत्रकावर ‘महिना 30,000’. तिन्ही आकडे खरे असतात, पण यातला एकही जसाच्या तसा खात्यावर जमा होत नाही. पहिल्यात बरंच काही जोडायचं असतं, दुसऱ्यातून बरंच काही वजा करायचं असतं आणि तिसऱ्यातले तीस टक्के चार वर्षांसाठी बाजूला ठेवले जातात. ही बेरीज-वजाबाकी न करता केलेली तुलना म्हणजे लिटर आणि किलो एकमेकांत मिळवण्यासारखं आहे.

सरकारी आकड्यापासून सुरुवात करू. केंद्र सरकारचा कनिष्ठ लिपिक, वेतनस्तर म्हणजे लेव्हल 2, नेमणूक पुण्यात. मूळ वेतन 19,900. जुलै 2025 चा महागाई भत्ता 58 टक्के, म्हणजे 11,542. पुणे एक्स वर्गाचं, म्हणजे सगळ्यात मोठ्या शहरांच्या गटातलं शहर आहे आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांच्या पुढे गेल्यामुळे तिथे घरभाडे भत्ता 30 टक्के मिळतो, तो झाला 5,970. वाहतूक भत्ता 1,350 आणि त्यावर महागाई भत्ता मिळून 2,133. एकूण 39,545. यातून मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या दहा टक्के एनपीएसला, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेला जातात (3,144), सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेचे 250, व्यवसाय कर 200 आणि गटविम्याचे किरकोळ पैसे. हातात साधारण 35,900 राहतात. हीच नेमणूक नाशिक किंवा कोल्हापूरला, म्हणजे वाय वर्गाच्या शहरात झाली तर घरभाडे 20 टक्क्यांवर येतं. छोट्या गावात ते 10 टक्के. सरकारी निवासस्थान घेतलं तर हा भत्ता बंदच होतो.

आता याची सीटीसी काढू, कारण कंपनीशी तुलना करायची तर माप तेच हवं. सरकार एनपीएसमध्ये 14 टक्के घालतं, ते झाले 4,402. म्हणजे सरकारचा महिन्याचा खर्च सुमारे 43,950 आणि वर्षाचा सव्वापाच लाखांच्या थोडा वर. ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम), अर्जित रजा आणि वैद्यकीय सवलत यात धरलेलीच नाही.

कंपनीचे सहा लाख म्हणजे महिन्याला 50,000. मूळ वेतन निम्मं, 25,000 धरू. त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा 12 टक्के, 3,000. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, सुमारे 1,200. गटविम्याचा हप्ता 500 धरला आणि दहा टक्के रक्कम ‘व्हेरिएबल’, म्हणजे दरमहा हमखास न मिळणारी असली तर आणखी 5,000 गेले. उरले 40,300. त्यातून स्वतःचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 कापला की हातात 37,100 येतात. सव्वापाच लाखांचा लिपिक आणि सहा लाखांचा कंपनी कर्मचारी यांच्यात महिन्याला फरक पडतो जेमतेम बाराशे रुपयांचा. घरी मात्र कंपनीचे ‘पन्नास हजार’ आणि सरकारचे ‘एकोणीस हजार’ असंच सांगितलं जातं.

ऑफर लेटरमध्ये म्हणून चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. व्हेरिएबल रक्कम किती, ती कशावर ठरते आणि कधी मिळते. पहिल्या वर्षी ती पूर्ण मिळेलच असं धरू नये. पीएफ प्रत्यक्ष मूळ वेतनावर आहे की 15,000 च्या मर्यादेवर, कारण मर्यादेवर असेल तर दोन्हीकडून 1,800 च जातात. जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर परत घेतला जातो. आणि नोटीस पिरियड किती दिवसांचा. आणखी एक: 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ वेतन तीस टक्क्यांवर ठेवलेली जुन्या धाटणीची रचना दिसली तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी कशावर काढणार ते एचआरला सरळ विचारावं.

पेन्शनच्या बाबतीत खासगी नोकरीबद्दल मोठा गैरसमज आहे. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात, पण 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे 1,250 रुपयेच. पेन्शनचं सूत्र आहे पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. मर्यादेवर 35 वर्षं भरली तरी महिन्याला 7,500 होतात आणि त्यावर महागाई भत्ता नाही. खरी पुंजी पीएफच्या शिल्लकीत असते. दर नोकरी बदलताना ती काढून खर्च केली तर म्हातारपणासाठी काही उरत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, एकच ठेवून जुनी रक्कम वर्ग करायची. सलग सेवा पाच वर्षांची व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर करही लागू शकतो.

सरकारी पेन्शन रुजू होण्याच्या तारखेवर ठरते. केंद्रात 1 जानेवारी 2004 आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन नाही. काकांच्या निवृत्तिवेतनावरून स्वतःचा हिशोब मांडू नये. केंद्रात 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला: 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, आणि किमान दहा वर्षांच्या सेवेवर दरमहा 10,000. नव्याने रुजू होणाऱ्याला निवड करायला 30 दिवसच मिळतात. मधेच राजीनामा द्यायचा विचार असेल तर ही हमी हाती येत नाही, तेव्हा एनपीएस सोयीची.

सरकारी नोकरीत वाढ हळू असते. वर्षाला तीन टक्के, म्हणजे 19,900 चे 20,500. बढती नाही मिळाली तर दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी. महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, पण तोही दगडावरची रेघ नाही: जानेवारी 2020 पासूनचे तीन हप्ते गोठवले गेले आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. आठव्या वेतन आयोगाच्या भरवशावर आज कर्ज काढू नये. सातव्या आयोगाचं वेतन 1 जानेवारी 2016 पासून लागू धरलं तरी महाराष्ट्रात रोखीत मिळायला 2019 उजाडलं, आणि थकबाकी पाच हप्त्यांत वाटली गेली.

‘सरकारी’ हा शब्दही तपासून घ्यावा. शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं मानधन असतं, प्राथमिकला 16,000. कंत्राटी पदावर तर वेतनश्रेणीच नसते. जाहिरातीत ‘वेतनस्तर एस-6’ असं लिहिलंय की ‘एकत्रित मानधन’, हे सगळ्यात आधी पाहायचं. एका सरकारी नोकरीतून दुसरीकडे अर्ज करताना कार्यालयाची परवानगी घेऊन, रीतसर मार्गानेच करावा. परस्पर राजीनामा दिला तर आधीची सेवा आणि वेतनसंरक्षण दोन्ही जाऊ शकतं.

लष्कराचा हिशोब दोन भागांत करावा लागतो, कारण जवान आणि अधिकारी यांचे रस्ते आता पार वेगळे झालेत. नियमित शिपायाचं मूळ वेतन 21,700, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे 5,200. या दोन्हींवर महागाई भत्ता मिळतो आणि पेन्शनही दोन्हींच्या बेरजेवर निघते. घरभाडे भत्त्यात मात्र सर्व्हिस पे धरत नाहीत. 58 टक्क्यांनी ही रक्कम 42,502 होते. रेशन, बराक, लष्करी रुग्णालय वेगळं. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन: 40,400 मूळ वेतनावर निवृत्त होणाऱ्या हवालदाराची 45,600 च्या निम्मी, 22,800 अधिक महागाई. सियाचीनचा भत्ता सातव्या आयोगाच्या मूळ दराने जवानाला 30,000 आणि अधिकाऱ्याला 42,500.

पण 2022 पासून शिपाई म्हणून बहुतेक भरती अग्निपथमधून होते, आणि वरचं चित्र त्या मुलांना लागू नाही. पहिल्या वर्षी 30,000 पैकी 21,000 हातात, चौथ्या वर्षी 40,000 पैकी 28,000. महागाई भत्ता नाही, सर्व्हिस पे नाही. कापलेले तीस टक्के चार वर्षांत 5.02 लाख होतात, सरकार तेवढेच घालतं आणि व्याजासह ही सेवा निधी करमुक्त मिळते. स्वतःच्या इच्छेने मधेच बाहेर पडलं तर आपलाच वाटा परत. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांना नियमित सेवेत घेतात. उरलेल्यांना पेन्शन, ग्रॅच्युइटी, कॅन्टीन किंवा माजी सैनिकाचा दर्जा नाही. सेवेत असताना 48 लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता कापला जात नाही. बारावीनंतर जायचं असेल तर त्या चार वर्षांत पदवीची नोंदणी चालू ठेवावी, कारण बाहेर पडल्यावर स्पर्धा पुन्हा शून्यापासून.

अधिकाऱ्याचं गणित भरभक्कम आहे. लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100, सर्व्हिस पे 15,500. महागाई भत्त्यासह 1,13,128 आणि वर इतर भत्ते. अट एवढीच, की कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, कोणत्या प्रकारचं ते पाहावं. परमनंट कमिशनला वीस वर्षांनी पेन्शन आहे. शॉर्ट सर्व्हिसमध्ये दहा वर्षं, फार तर आणखी चार. शेवटी ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. ती व्यक्ती पस्तिशीच्या आसपास खासगी बाजारात उभी राहते. म्हणून तिने पहिल्या महिन्यापासून बचत कंपनीत काम करणाऱ्या माणसासारखी करावी आणि आरोग्य विमाही सेवेत असतानाच स्वतंत्र काढून ठेवावा.