लॅपटॉप परदेशातून आणताय? आधी डावी शिफ्ट बघा

चोपड्यात माझा टायपिंगचा क्लास आहे. कुणाचा मुलगा बाहेरदेशातून लॅपटॉप आणणार असला की आई-वडील एकदा माझ्याकडे डोकावतात. रॅम किती, प्रोसेसर कोणता, हे सगळं पाठ करून आलेले असतात. मी विचारतो, "डावीकडच्या शिफ्टचा फोटो आहे का?" की बघतच राहतात.

माझे हात पोळलेत म्हणून विचारतो. भाच्याने जर्मनीहून धाकट्या बहिणीसाठी लॅपटॉप आणला. ती एम.ए. मराठीला आहे, लग्नातली अहिराणी गाणी गोळा करून टाईप करते. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीवर, बटणांकडे न बघता. पहिल्याच संध्याकाळी फोन आला, "मामा, 'केळी'ची 'केली' होतेय! आणि 'डॉक्टर' लिहायला गेलं की ओळच तुटते."

दोष तिचा नव्हता. जर्मन कीबोर्डची डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या शेजारी एक जास्तीचं बटण घुसवलेलं असतं. इन्स्क्रिप्टमध्ये ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. करंगळी सवयीने जाते ती त्या उपऱ्या बटणावर, शिफ्ट दबत नाही, ल उमटतो. ख, घ, थ, ध, फ, श यांचीही तीच गत. एन्टर तिथे उभं, दोन ओळींचं. आपल्याकडे ज्या जागी ॉ ही मात्रा असते ती जागा त्याने गिळलेली, मात्रा त्याच्या खाली कुशीत सरकलेली. म्हणून 'ड' झाला की ओळ खाली.

बटणावर काय छापलंय त्याला मात्र घाबरू नका. जर्मनीत वाय आणि झेडची अदलाबदल असते, दोन टिंबवाले ए, ओ, यू असतात. मराठी भाषा निवडली की टिंबवाल्या ओवर च, एवर ट आणि यूवर ड येतो, म्हणजे बोटांना माहीत असलेल्याच जागी. (थायलंडमधल्या लॅपटॉपवर इंग्रजीशेजारी थाई अक्षरं छापलेली मिळतात. आपल्याला स्टिकर चिकटवावे लागतात.)

तेव्हा पैसे देण्याआधी कीबोर्डचा वरून काढलेला फोटो मागवा. शिफ्ट लांब, एन्टर आडवं, तर घ्या. अमेरिकेतला कीबोर्ड आपल्यासारखाच. ब्रिटनमधला इंग्रजी असला तरी शिफ्ट आखूडच. जपानी कीबोर्डचा स्पेसबार तोकडा असतो. काही कंपन्या ऑर्डर देताना अमेरिकन कीबोर्ड निवडू देतात, थोडं थांबावं लागलं तरी तोच घ्यावा.

चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असलं की झालं. जर्मन जाडी पिन आपल्या सॉकेटात रेटू नका, तिची अर्थिंग जुळत नाही. भिंतीकडची वायर तेवढी इथली तीन पिनांची घ्या. वॉरंटी भारतात चालते का, ते कंपनीला लेखी विचारा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

जर्मनीत किमतीत १९ टक्के कर असतो. तिथे राहून शिकणाऱ्या पोराला तो परत मिळत नाही. भेटीला गेलेल्या आई-वडिलांना मिळू शकतो: बिल ५० युरोंच्या वर हवं, दुकानातून फॉर्म घ्यायचा, वस्तू तीन महिन्यांच्या आत बाहेर न्यायची आणि निघताना कस्टमचा शिक्का घ्यायचा. शिक्क्याच्या रांगेसाठी विमानतळावर वेळ हाताशी ठेवा. भारतात उतरताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो. कुरिअरला ही सूट नाही.

घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाईप केला की मराठी उमटतं. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. पडद्यावरची जर्मनही बदलता येते. फक्त विंडोज 'सिंगल लँग्वेज' प्रकारातलं, म्हणजे पडद्यावर एकाच भाषेला बांधलेलं नाही ना, ते घेतानाच बघा.

भाचीला शेवटी जळगावहून साधा यूएसबी कीबोर्ड आणून जोडून दिला. लॅपटॉप मागे सरकवलाय, त्याच्या पुढ्यात हा. टेबलावर चहाचा कप ठेवायला तेवढी जागा उरली नाही.