फॅमिली पेन्शन काढायची तर आधी नावं जुळवून बघा

आमचे दादा सर्व्हिसमध्ये असतानाच गेले आणि वैनींची पेन्शन सुरू व्हायला 11 महिने लागले, कारण काय तर सर्व्हिस बुकात वैनींचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं आणि बँकेच्या पासबुकात तिसरंच स्पेलिंग. ऑफिसनं हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, पण फाईल मुंबईला महालेखापालांकडं जाऊन परत आली तेव्हा कळलं. म्हणून हे लिहितोय, हे सगळं मुख्यतः राज्य सरकारी नोकरीचं आहे.

तर मृत्यूचा दाखला काढताना एकदम आठ-दहा प्रती घ्या, पुढं प्रत्येक टेबलावर एक लागतेच. मग गेलेल्या माणसाच्या ऑफिसात आस्थापना शाखेत जाऊन सर्व्हिस बुक बघायला मागा, त्यात कुटुंबाच्या तपशिलात बायको-पोरांची नावं, जन्मतारखा आहेत का ते स्वतः वाचा, फोटो काढून ठेवला तर उत्तम. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून फाईलला लावा. तिथं बायकोचं नाव नीट असलं तर पेन्शनसाठी वारस दाखल्याच्या मागं कोर्टात पळावं लागत नाही, कोण म्हणालंच तर आधी लेखी मागा.

किती मिळते? सुरुवातीची ठरावीक वर्षं शेवटच्या मूळ पगाराच्या 50 टक्के, नंतर 30 टक्के, वर महागाई भत्ता. हा 50 टक्क्यांचा वाढीव दर कधी संपतो ती तारीख पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) छापलेली असते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर एक दिवस पैसे कमी आले म्हणून बँकेत भांडण होतं, आणि जादा गेलेले असले तर वसुली लागते, ते तर लई वाईट.

निवृत्तीनंतर माणूस गेला असेल तर काम सोपं, पीपीओवर बायकोचं नाव असतंच. दाखला, पीपीओ, आधार घेऊन कोषागारात आणि बँकेत अर्ज द्यायचा.

पोरांचं: आधी हक्क विधवेचा, ती नसली की पोरांना, तेपण मोठ्यापासून एकेकाला. राज्यात सर्वसाधारण नियमानं मुलाला वयाच्या 21 पर्यंत, मुलीला 24 किंवा लग्न होईपर्यंत. पोस्ट-रेल्वेवाल्यांची मर्यादा 25 ची आहे, दोन्हीची गल्लत करू नका. पोरगं अपंग असेल आणि स्वतः कमवू शकत नसेल तर त्याला आयुष्यभर मिळू शकते, पण त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं, ते आई-वडील हयात असतानाच काढून रेकॉर्डला लावा, नंतर कोण हेलपाटे घालणार?

1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर नोकरीला लागलेले म्हणजे एनपीएसवाले (नव्या, पगारातनं कपात होणाऱ्या पेन्शन योजनेतले), त्यांना काहीच नाही असं सांगतात, ते चूक. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयानं सर्व्हिसमध्ये असताना मृत्यू झाला तर फॅमिली पेन्शनची सोय आहे. मात्र विकल्पाचा फॉर्म असतो, एनपीएसमधल्या पैशांचं काय होणार ते विचारूनच सही करा.

ग्रॅच्युइटी, जीपीएफ, रजेचे पैसे, गटविमा यांचे अर्ज वेगळे असतात. अनुकंपा नोकरीचाही वेगळा. प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का मारून घ्या, वैनींच्या वेळी तोच कामाला आला, कारण एक अर्ज "आलाच नाही" म्हणत होते, शिक्का दाखवला आणि दुपारी कपाटातनं निघाला.

आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. गुडघे दुखत असतील तर जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, मोबाईलवरनं होतं, नातवाला सांगा.