मायटोकॉन्ड्रिया तुटलेले दिसले म्हणजे फिशन वाढलं, असं नाही

पेशीचक्रात मायटोकॉन्ड्रियाचं काय होतं, हा विषय पीएच.डी.साठी घेत असाल तर मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक असणारच. जी१ (पेशीच्या वाढीचा टप्पा) संपून एस (डीएनएची प्रत बनण्याचा टप्पा) सुरू होताना मायटोकॉन्ड्रिया जुळून लांबलचक जाळं होतं, आणि मायटोसिसमध्ये, म्हणजे पेशी विभागताना, त्याचे तुकडे होऊन दोन्ही कन्यापेशींत वाटले जातात. फ्युजनसाठी, म्हणजे जुळण्यासाठी, बाहेरच्या पटलावर एमएफएन-१ आणि २, आतल्या पटलावर ओपा-१, आणि फिशनसाठी, म्हणजे तुटण्यासाठी, ड्रप-१ ही प्रथिनं. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते मायक्रोस्कोपखालच्या फोटोपाशी. माझा सगळ्यात जास्त काळ यातच गेला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जिवंत पेशीत फिशन आणि फ्युजन एकाच वेळी चालू असतात, आणि फोटोत दिसते ती फक्त त्यांची शिल्लक. टाकीतलं पाणी उतरलं तर खालचा नळ जास्त सुटलाय की वरून येणं बंद झालंय, हे नुसती पातळी बघून कळत नाही. तसंच इथे. तुकडे वाढले तर ड्रप-१ जोरात असेल, किंवा ड्रप-१ होतं तेवढंच असेल आणि जुळणं थांबलं असेल. आतल्या पटलावरचा विद्युतभार उतरला की ओएमए-१ हे प्रोटीएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) ओपा-१ कापतं, फ्युजन बंद पडतं, आणि नेहमीच्या फिशननेच जाळ्याचा चुरा होतो. लेसर जास्त मारला, मायटोट्रॅकर हा रंग जास्त घातला, फिक्सेशन (पेशी रसायनाने आहे तशी गोठवणं) बिघडलं, तरी चित्र तेच दिसतं. नुसत्या फोटोंवरून ‘फिशन वाढलं’ असं लिहू नका. कुणी सिनियर म्हणेल, ‘रिव्ह्यूअरने विचारलं तर बघू.’ ऐकू नका. फ्युजन वेगळं मोजा: मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पोकळीत, फोटोअ‍ॅक्टिव्हेटेबल जीएफपी (प्रकाश टाकल्यावरच चमकू लागणारं प्रथिन) घाला, छोटासा भाग उजळवा आणि ती चमक शेजाऱ्यांत किती वेगाने पसरते ते बघा. सुरुवातीला हात बसत नाही, पण बसतो. घाबरू नका.

सिंक्रोनायझेशनचंही, म्हणजे सगळ्या पेशी औषधाने एकाच टप्प्यावर अडवण्याचंही, तसंच. त्यासाठीचं नोकोडॅझोल पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्या मोडतं, आणि मायटोकॉन्ड्रिया त्यांच्यावरूनच सरकतात. मग दिसलेला बदल मायटोसिसचा किती आणि औषधाचा किती? मला तरी फुची बरं वाटतं. २००८ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतून आलेली ही पद्धत. जी१ मधलं केंद्रक लाल दिसतं, एस ते एम (मायटोसिस) मधलं हिरवं. पेशीला न अडवता तिची अवस्था कळते.

एमडिव्ही-१ या शॉर्टकटवर माझा राग आहे, तो लपवत नाही. २००८ मध्ये ते फिशन रोखणारं रसायन म्हणून आलं. २०१७ मध्ये एका गटाने दाखवलं की ते मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणाऱ्या श्वसनसाखळीतल्या कॉम्प्लेक्स-१ लाच अडवतं. ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्याने ते एकट्याने वापरून निष्कर्ष काढणं मला पटत नाही. ड्रप-१ चा नॉकआउट करा (त्याचं जनुकच बंद करा) किंवा के३८ए हा ड्रप-१ चं काम रोखणारा म्यूटंट वापरा. वेळ जाईल, जाऊ द्या.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी नंतर बघा. लाइव्ह इमेजिंगला मायक्रोस्कोप किती तास मिळतो आणि गाइड तुमच्या कच्च्या फिल्म स्वतः बघतात का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना आधी विचारा.

वाचायला सुरुवात दोन पेपरांनी करा, बाकीचे पुढे येतील. २००७ मधला सीडीके-१ आणि सायक्लिन-बी ही पेशीचक्र चालवणारी प्रथिनं मायटोसिसमध्ये ड्रप-१ वर फॉस्फेट लावतात हे दाखवणारा, आणि २००९ मधला जी१-एस च्या जुळलेल्या जाळ्याचा सायक्लिन-ई या तशाच दुसऱ्या प्रथिनाशी संबंध लावणारा. पहिल्या पेपरात फॉस्फेट लागण्याची जागा म्हणून रॅटच्या ड्रप-१ मधलं सेरीन (एक अमिनो आम्ल) ५८५ आहे. माणसात तेच ६१६. अँटिबॉडी मागवण्याआधी हे जुळवून बघा. आणि अँटिबॉडीने ६१६ चा बँड (फॉस्फेट लागल्याची खूण) गडद आला म्हणून लगेच मायटोसिस समजू नका, त्याच सेरीनवर ईआरके हे दुसरं एन्झाइम सुद्धा फॉस्फेट लावतं.