पाऊस उघडल्यावरचे पंधरा दिवस: ओल कुठे राखायची, कुठे घालवायची

परतीचा पाऊस ओसरला की आभाळ निरभ्र होतं, दुपारचं ऊन चटका देतं आणि पहाटे दव पडायला लागतं. खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी याच दिवसांत एकमेकांच्या अंगावर येतात. अशा घाईत एकच गोष्ट लक्षात ठेवा: जमिनीतली ओल राखायची आणि धान्यातली घालवायची. बरंचसं नुकसान या दोन्ही बाबतींत उलटं झाल्यामुळे होतं.

आधी जमिनीचं बघू. मूग, उडीद, सोयाबीन निघालं की रान तसंच उघडं ठेवू नका. काळी जमीन उन्हात भराभर भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओलही उडून जाते. वाफसा येताच, म्हणजे माती पायाला चिकटेनाशी झाली पण ओल टिकून आहे तेव्हा, वखराची हलकी पाळी द्या, म्हणजे वरवरची माती मोकळी करा. नांगरट मात्र टाळा, कारण खालची ओली माती वर आली की ती वाळणारच. पेरणीपूर्वी चार बोटं माती बाजूला सारून खालची मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटाने सहज फुटला, तर पेरायला हरकत नाही. माती भुरभुरली तर कोरडवाहू पेरा धोक्याचा.

कोरडवाहू रब्बी ज्वारीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळा, म्हणजे काणीला, कणसात काळी भुकटी करणाऱ्या बुरशीच्या रोगाला, आळा बसतो. बी ५ सेंटीमीटर खोल, ओलीत पडायला हवं. खरं काम त्यानंतरच्या कोळपण्यांचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवण्याचं आहे. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. रानात तण नाही म्हणून अनेक जण तिसरी कोळपणी सोडून देतात, ते मला पटत नाही. ती तणासाठी नसतेच. तिने भेगा बुजतात, वर भुसभुशीत मातीचा थर तयार होतो आणि पोटरीतल्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतातल्या पिकाला खालची ओल पुरते.

कोरडवाहू हरभरा थोडा खोलच पेरा. गव्हाची मात्र घाई नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलेल्या गव्हाला फुटवे कमी येतात. पाण्याची सोय असेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरा.

आता धान्याकडे वळू. शेंगा वाळल्यावर सोयाबीन रानात जास्त दिवस ठेवलं तर शेंगा तडकून दाणे मातीत जातात. पण ओलं कापून लगेच गंजी घातली तर आतून तापते आणि बुरशी धरते. म्हणून कापलेलं पीक आधी पातळ पसरून वाळवा, मगच गंजी घाला. मळलेला माल रात्री उघडा ठेवू नका, दिवसभराचं वाळवण एका रात्रीच्या दवात वाया जातं. ताडपत्री अंधार पडायच्या आत टाका आणि सकाळी दव उडाल्यावरच काढा.

ओलावामापक हाताशी नसेल तर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा अंदाजे १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरी लगेच पोती भरू नका. साठवणीसाठी सोयाबीन १० ते १२ टक्क्यांवर यायला हवं, म्हणून आणखी ऊन द्या. पुढच्या हंगामाचं बियाणं ठेवणार असाल तर मळणीयंत्राची गती कमी ठेवा. सोयाबीनच्या दाण्याची साल फार नाजूक असते. बाहेरून धड दिसणारा दाणाही आतून दुखावला तर उगवत नाही. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि बियाण्याची थप्पी उंच रचू नका.

गोठ्यातही हे दिवस जपण्याचे. हिरवा चारा कमी होऊन कडबा सुरू होतो, पण हा बदल एका दिवसात करू नका. आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्या, नाहीतर जनावराचं पोट बिघडतं आणि दूध घटतं. भिजून काळा पडलेला, कुबट वासाचा चारा कितीही टंचाई असली तरी घालू नका. गाभण जनावरांना तर मुळीच नको.