बीजिंगला खरेदीला निघण्याआधी

व्हिसा, आरामाचे बूट, हे सांगायला नको. सांगायचंय ते कार्डाबद्दल. बीजिंगमध्ये भाजलेली रताळी विकणारासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो, म्हणून अलीपे किंवा वीचॅट ही पैसे द्यायची ॲप घरूनच फोनमध्ये टाकून घ्या, पासपोर्टची पडताळणी उरका, कार्ड जोडा. त्याहीआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू होऊन येतं; बाकीचं आपण चालू करायचं. मागच्या वेळी माझं हेच राहिलं. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, तेव्हा रोमिंगही हवं. हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत, तिथेही रोमिंगच कामी येतं. विदेशी कार्डावर २०० युआनच्या वर एका वेळी दिलेत तर ३ टक्के जादा कापतात. थोडी रोख ठेवा, पण सुट्ट्या पैशांची बोंब असते.

पानजियायुआनचा जुना बाजार शनिवार-रविवारी पहाटेच गाठा. मेट्रोच्या १० नंबरच्या लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. माओचे बिल्ले, यीशिंगच्या मातीच्या किटल्या, आणि तपकीर ठेवायच्या इवल्या काचेच्या बाटल्या. बाटलीच्या तोंडातून वाकडा कुंचला घालून आतल्या बाजूने चित्र काढलेलं असतं, बघत राहावं असं. विक्रेता ‘छिंग काळातली’, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या वेळची, म्हणाला की सावध व्हा. १९११ च्या आधीच्या पुरातन वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे तो खरं बोलत असेल तर विमानतळावर अडकाल, खोटं बोलत असेल तर आत्ताच फसलात. नवी वस्तू समजून नव्याचाच भाव द्या. जेडच्या नादी लागूच नका, आपल्याला त्यातलं कळत नाही.

घासाघीस कॅल्क्युलेटरवर चालते. विक्रेत्यानं टाकलेल्या आकड्याच्या बऱ्याच खालून सुरुवात करा, लाजू नका. पण भाव ठरला, आजीबाईंनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि फोनवर ‘व्यवहार नाकारला’ आलं, तर तोंड कुठे लपवाल? कार्ड चालू केलंत ना? ‘करते नंतर’ नको. आत्ता करा.

कापड घ्यायचं तर एखादा दोरा मागून जाळून बघा: केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. छीपाव, म्हणजे अंगाबरोबर बसणारा चिनी झगा, शिवून घ्यायचा असेल तर पहिल्याच दिवशी माप द्या, फिटिंगला पुन्हा जावं लागतं. तयार कपड्यांवरच्या मापाच्या आकड्यावर जाऊ नका, अंगाला लावून बघा. दाशिलान गल्लीत नेइलियानशेंग हे १८५३ सालचं चपला-बुटांचं दुकान आहे. थरावर थर शिवलेल्या कापडी तळाचे बूट तिथे घ्या, महाग आहेत तरी घ्या.

ल्यूलीछांगच्या गल्लीत कुंचले, शाई, कागद. गुंडाळीचित्र घेतलंत तर नळकांडं तिथेच मागा. बिलं हातातल्या बॅगेत. किटल्या मोज्यांत.