हिरवा पडदा आणि हिरवा चुडा

गिरगावातल्या एका खोलीत हिरव्या पडद्यासमोर मंगळागौरीच्या खेळांचं शूटिंग झालं होतं. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा रंग पुसून टाकणारं कीलाइट लावलं नि पडद्याबरोबर बायकांच्या हातातला हिरवा चुडाही गेला. नऊवारी नेसलेली बाई आणि मनगटाच्या जागी भोक! चुड्याशिवाय मंगळागौर दाखवणं मला पटणारच नव्हतं.

पडद्याचा रंग चेहऱ्याजवळून उचलला, कारण कोपऱ्यात सावल्या होत्या. मग व्ह्यू ‘स्क्रीन मॅट’वर ठेवला, म्हणजे काय पुसलं जातंय (काळं) नि काय राहतंय (पांढरं) ते दिसतं. त्यात पडदा पूर्ण काळा आणि माणूस पूर्ण पांढरा हवा. क्लिप ब्लॅक वाढवून पडद्यावरचे करडे डाग घालवले, माणसातला करडेपणा घालवायला क्लिप व्हाइट अगदी थोडंच कमी केलं. जास्त ओढलं की मोकळे केस कापल्यासारखे दिसतात.

कडा तरी दातेरीच होत्या. कॅमेऱ्याचं फुटेज ४:२:० होतं, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची नोंद एकच. रंग पुसण्याआधी तो जरा धूसर करणारा स्क्रीन प्री-ब्लर किंचित दिल्यावर त्या निवळल्या.

खरा वेळ चुड्याने घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता. मूळ लेयरची (चित्राच्या थराची) कीलाइट न लावलेली प्रत वर ठेवून फक्त बांगड्यांभोवती घट्ट मास्क, म्हणजे तेवढाच भाग दाखवणारी चौकट, काढला, हाताबरोबर तो ट्रॅक केला. फुगडीत हात गरकन फिरतात तिथे फ्रेम-फ्रेम हाताने सरकवला. अंगावर पडलेली पडद्याची हिरवी झाक घालवणारा स्पिल सप्रेसर मात्र खालच्याच लेयरला. बांगड्यांवर लावला तर काच राखाडी पडते.

असे कपडे-दागिने असतील तर शूटिंगलाच निळा पडदा मागा.